इलेक्ट्रिक गाडी पाण्यात बंद पडत नाही, म्हणूनच आधी टेप घ्या

पेट्रोल-डिझेलची गाडी तुंबलेल्या पाण्यात शिरली की एका टप्प्यावर ती स्वतःच हात टेकते. हवा ओढणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये जातं, पिस्टनला हवा दाबता येते तसं पाणी दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागच्या जागी थांबतं. नुकसान मोठं होतं, पण गाडी निदान पुढे तरी जात नाही. इलेक्ट्रिक गाडीला हवा ओढायची नसते आणि धूरही सोडायचा नसतो. मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा भाग), बॅटरी सगळं बंद डब्यांत असतं. त्यामुळे बाकीच्या गाड्या अडकून पडतात त्या पाण्यातही ती चालत राहते. लोकांना हे कळलंय आणि त्याचंच मला सगळ्यात जास्त भय वाटतं.

मी इलेक्ट्रिक गाड्यांच्या हाय व्होल्टेज भागांची दुरुस्ती करते. पाण्यातून आलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. बहुतेकांचा मालक सांगतो, ‘अहो, काही झालंच नाही, मस्त निघाली की बाहेर!’ गाडी निघाली हे खरंच असतं. पण गाडी थांबवत नाही म्हटल्यावर थांबायचं कुठे हे चालवणाऱ्यालाच ठरवावं लागतं. मागून हॉर्न वाजतायत, काचेवर पाऊस कोसळतोय आणि घरी जायची घाई आहे, अशा वेळी ते नीट ठरत नाही. म्हणून ते काम कोरड्या दिवशी उरकून टाका.

आपली गाडी मोजा

साधा मोजायचा टेप घ्या आणि सपाट जागी उभ्या असलेल्या गाडीजवळ बसा. तीन उंच्या मोजायच्या. पहिली, जमिनीपासून गाडीच्या पोटाच्या सगळ्यात खालच्या जागेपर्यंत. इलेक्ट्रिक गाडीत ही जागा बहुधा बॅटरीच्या खोक्याचा तळ किंवा त्याखालचं कव्हर असते. मॅन्युअलमध्ये ग्राउंड क्लिअरन्स छापलेला असतो, पण चार माणसं आणि सामान भरल्यावर गाडी खाली बसते, म्हणून भरलेल्या गाडीचं माप घेतलंत तर जास्त खरं. दुसरी, दरवाज्याच्या खालच्या कडेपर्यंत. तिसरी, चाकाच्या मध्यापर्यंत, जिथे कंपनीचं चिन्ह असतं तिथपर्यंत.

साधारण गाडीत हे आकडे 17-18 सेंटिमीटर, 30 च्या आसपास आणि 30 ते 34 असे काहीतरी येतील. तुमच्या गाडीचे वेगळे असतील, म्हणून तर मोजायचे. मग हेच आकडे रोज सोबत असलेल्या वस्तूंवर उतरवून ठेवा. छत्रीच्या दांड्यावर रंगीत चिकटपट्टीच्या दोन खुणा करा: एक गाडीच्या पोटाची, एक चाकाच्या मध्याची. पावसात छत्री गाडीत असतेच. तुमच्या पायावर ती मापं कुठे येतात तेही बघून ठेवा. पोटाची खूण बहुतेकांच्या अर्ध्या पोटरीच्याही खालीच येते. पाणी घोट्यापर्यंत आलंय म्हणजे नक्की किती, याचा अंदाज असा पक्का होतो.

माझा स्वतःचा नियम असा. स्थिर पाणी पोटाच्या खुणेच्या खाली असेल तर हळूहळू जायला हरकत नाही. पोटाच्या आणि चाकाच्या मध्याच्या दरम्यान असेल तर जात नाही. अपवाद फक्त मागे पाणी वाढत असेल, समोर थोडंच अंतर असेल, पाण्याला ओढ अजिबात नसेल आणि पलीकडची कोरडी जमीन दिसत असेल तेव्हा. चाकाच्या मध्याच्या वर कधीच नाही. आणि पाणी वाहतं असेल तर खोली कितीही असो, मी गाडी वळवते.

काही कंपन्या आपल्या गाडीची पाण्यातून जाण्याची खोली जाहीर करतात. जॅग्वारच्या आय-पेससाठी ती 500 मिलिमीटर दिलेली आहे. टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये तर खास ‘वेड’ (wade, म्हणजे पाण्यातून जाण्याचा) मोड आहे: तो लावला की गाडी वर उचलली जाते आणि पाणी आत शिरू नये म्हणून बॅटरीच्या खोक्यात हवेचा दाब भरला जातो. तुमच्या मॅन्युअलमध्ये असा आकडा असेल तर तो शोधून वाचा, आणि त्याच्याबरोबर लिहिलेला वेगही वाचा. तो आकडा स्थिर पाण्यासाठी आणि हळू वेगासाठी असतो. वॉरंटीचं पानही त्याच बैठकीत उघडा. पाण्याने झालेलं नुकसान बऱ्याच ठिकाणी वॉरंटीतून वगळलेलं असतं.

आयपी 67 म्हणजे काय आणि काय नाही

‘माझी बॅटरी आयपी 67 आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकते की ते इथे नीट सोडवून सांगते. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. 6 म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही. 7 म्हणजे 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं बुडवून ठेवल्यावर नुकसान होईल इतकं पाणी आत जाणार नाही. 8 म्हणजे त्याहून कडक चाचणी. तिची खोली आणि वेळ कंपनी सांगते.

आता ही चाचणी होते कशी ते बघा. पाणी गोडं आणि स्थिर. वस्तू नवी. आणि मुख्य म्हणजे हा दर्जा त्या एका खोक्याचा असतो, अख्ख्या गाडीचा नसतो. तुमच्या गाडीच्या खोक्याच्या रबरी सीलने काही उन्हाळे काढलेले असतात. एखाद्या गतिरोधकावर तळ घासलेला असतो आणि झाकणाच्या कडेला बारीक बाक आलेला असतो. पाण्याखालच्या दगडावर आदळणं त्या चाचणीत नाही. आणि गाडीत बॅटरीखेरीज बरंच काही असतं: 12 व्होल्टची छोटी बॅटरी, सीटखालचे कंट्रोल युनिट, दरवाज्यांची वायरिंग, चाकांचे बेअरिंग. त्यांच्यावर आयपी 67 चा शिक्का असेलच असं नाही.

एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. बॅटरीचं खोकं आणि मोटरचा गिअरबॉक्स पूर्ण हवाबंद नसतात. आतली हवा तापून फुगते आणि थंड होऊन आक्रसते, म्हणून त्यांना श्वास घ्यायला बारीक ब्रीदर दिलेले असतात. लांबचा प्रवास करून तापलेली गाडी थेट थंड पाण्यात घातली की आतली हवा झटकन आकसते आणि बाहेरचं पाणी सीलच्या फटींतून आत ओढलं जाऊ शकतं. तेव्हा हायवेवरून आल्या आल्या पाण्यात शिरू नका. काठावर थोडा वेळ थांबा. तो वेळ तसाही पाणी बघण्यासाठी हवाच असतो.

‘जड आहे, वाहून जाणार नाही’

बॅटरीमुळे गाडी जड असते, म्हणून ती पाण्यात घट्ट उभी राहील, हा समज मला मोडून काढायचा आहे. कागदावर हिशोब करून बघा.

लहान आकाराच्या गाडीचा तळ लांबी-रुंदीने साधारण 6 चौरस मीटर धरा. पाणी तळाच्या वर 10 सेंटिमीटर चढलं की गाडीने 600 लिटर पाणी बाजूला सारलं, म्हणजे पाणी तिला 600 किलोच्या जोराने वर उचलतंय. माणसांसकट गाडीचं वजन 1,700 किलो असेल तर पाणी तळाच्या वर 28 सेंटिमीटर आलं की ती तरंगू लागेल. तळ जमिनीपासून 18 सेंटिमीटरवर, म्हणजे एकूण 46. गुडघ्याएवढं पाणी झालं हे. बॅटरीमुळे गाडीत 300 किलो जास्त असतील, तर ते सगळं वजन फक्त 5 सेंटिमीटर पाण्यात निकालात निघतं.

आणि संकट तरंगायच्या कितीतरी आधी सुरू होतं. पाणी तळाच्या वर 15 सेंटिमीटर असतानाच 900 किलो उचलले गेलेले असतात, म्हणजे टायरवर निम्म्याहून कमी वजन उरतं. रस्त्यावरची पकड त्या वजनावरच अवलंबून. त्यात बाजूने पाण्याची ओढ लागली की गाडी आडवी सरकते. स्टिअरिंग फिरवून काही होत नाही, ब्रेकने काही होत नाही. इलेक्ट्रिक गाडीचा तळ सपाट आणि चांगला बंद असतो, त्यामुळे पाणी आत झिरपायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ती होडीसारखी वर राहते. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा वाहत्या पाण्याबद्दल जे आकडे सांगते ते पाठ करण्यासारखे आहेत: 15 सेंटिमीटर पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं, 30 सेंटिमीटर बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकतं आणि 60 सेंटिमीटर पाण्यात मोठ्या एसयूव्हीसुद्धा जातात.

पाणी वाहतंय की साचलंय हे वरून पटकन कळत नाही. एखादं पान, प्लॅस्टिकची पिशवी, फेस यांच्याकडे बघा. ते एका दिशेला सरळ निघाले असतील तर ओढ आहे. एका जागी गोल फिरत असतील तर खाली उघडं गटार किंवा मॅनहोल असण्याची दाट शक्यता आहे. मोरी किंवा छोटा पूल पाण्याखाली असेल तर त्याच्यावरून जाऊच नका, कारण खालचा भराव वाहून गेला असला तरी वरून पाणी सपाटच दिसतं.

पाण्यात उतरण्यापूर्वी

पाच मिनिटं थांबा. तुमच्याएवढ्याच उंचीची दुसरी गाडी पलीकडे जाताना दिसली तर तिच्या चाकाचा मध्य पाण्याच्या वर राहतो का ते बघा. रस्त्याच्या कडेचा फूटपाथ, दुभाजक, उभ्या गाड्यांची चाकं, ही सगळी मापंच आहेत. पाणी स्थिर असेल, उजेड असेल आणि आसपास तुटलेली वीजतार किंवा पाण्यात उभा विजेचा खांब नसेल तरच छत्री टेकवत थोडं पुढे जाऊन बघा, आणि पाऊल टाकण्याआधी प्रत्येक वेळी छत्री टेकवा. जिथे पायी जायची छाती होत नाही तिथे गाडी घालू नका. अंधारात तर मी कुठलंच अनोळखी पाणी ओलांडत नाही.

आता गाडीच्या आतली तयारी. एसी बंद करा, म्हणजे पुढचा पंखा फिरणार नाही. फिरती पाती पाण्यावर आपटली तर तुटतात. क्रूझ कंट्रोल बंद. ड्रायव्हिंग मोड सगळ्यात सौम्य, इको किंवा बर्फासाठीचा मोड असेल तर तो. इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, आणि हलक्या झालेल्या टायरला तो जोर झेपत नाही. रीजन, म्हणजे पाय उचलल्यावर मोटरनेच गाडी मंदावून बॅटरी भरण्याची सोय, कमीत कमी पातळीवर आणा. एका पेडलवर गाडी चालवायची सवय असलेल्यांनी हे आवर्जून करायचं. पाण्यात असताना पाय नकळत उचलला गेला तर गाडी एकदम मंदावते. मग तुम्हीच ढकललेली लाट मागून येऊन अंगावर फुटते, आणि मोटरच्या चाकांची पकडही सुटू शकते.

पुढच्या दोन्ही काचा निम्म्या खाली करा. पाऊस आत येईल, येऊ द्या. दरवाज्यांचं लॉक उघडं ठेवा. मागे मुलं असतील तर त्यांच्या सीटचे पट्टे कसे सुटतात ते सोबतच्या मोठ्या माणसाला एकदा दाखवा.

पाण्यातून जाताना

एका वेळी एकच गाडी. पुढची पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबा, कारण ती मध्येच अडकली तर तुम्हीही पाण्यात उभे. रस्ता मधोमध उंच असतो, तिथून चला. उतरताना माणसाच्या चालीने, आत गेल्यावर 5 ते 8 किलोमीटरच्या वेगाने, आणि तोच वेग शेवटपर्यंत. समोर छोटी लाट तयार होईल आणि तिच्यामागे पाणी थोडं खाली जाईल. त्या खळग्यातच राहायचं. वेग वाढवला तर पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट केलात की मार चौपट. तळाचं प्लॅस्टिक कव्हर याच मारात फाटतं, आणि ते लोंबू लागलं की त्यामागच्या केबल आणि कनेक्टर उघडे पडतात.

समोरून ट्रक किंवा बस येत असेल तर तिला आधी जाऊ द्या. तिच्या लाटेने पाणी क्षणभर वीतभर वर चढतं आणि तुम्ही मोजलेली सगळी मापं चुकीची ठरतात.

मध्येच पाणी अंदाजापेक्षा खोल निघालं तर? इथे इलेक्ट्रिक गाडीचा एक खरा फायदा आहे: गिअर नाही, क्लच नाही, बंद पडायची भीती नाही. थांबा, रिव्हर्स टाका आणि आलात त्याच वाटेने तितक्याच हळू मागे जा. ती वाट तरी माहितीची आहे. गाडी वळवायचा प्रयत्न करू नका.

करंट लागेल का?

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि भीतीपोटी लोक भलतंच काही करतात, म्हणून स्पष्ट सांगते. बॅटरीत साधारण 400 व्होल्ट, काही गाड्यांत 800 व्होल्ट असतात. पण तिचं प्लस किंवा मायनस, कुठलंच टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं नसतं. दोन्ही टोकं पत्र्यापासून अलग ठेवलेली असतात आणि गाडी हे अलगपण सतत तपासत असते. नियमाप्रमाणे डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) सर्किटमध्ये दर व्होल्टमागे किमान 100 ओहम इतकं इन्सुलेशन लागतं, म्हणजे 400 व्होल्टच्या गाडीत 40,000 ओहम. धडधाकट गाडीत ते याच्या कितीतरी पट असतं. ते खाली घसरलं की गाडी इशारा देते. गंभीर बिघाड दिसला तर बॅटरीच्या खोक्यातले कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज तोडणारे मोठे स्विच, उघडतात आणि हाय व्होल्टेज खोक्यातच कोंडलं जातं. त्यामुळे अडकलेल्या गाडीतून पाण्यात पाऊल ठेवायला घाबरून आत बसून राहू नका. बुडण्याचा धोका शॉकच्या धोक्यापेक्षा फार मोठा आहे. फक्त नारिंगी रंगाच्या केबलना, फाटलेल्या कव्हरखालच्या भागांना आणि चार्जिंगच्या सॉकेटला हात लावू नका.

पाणी वाढतंय आणि गाडी हलत नाही

पट्टा सोडा, काच उघडा, मुलांना आधी बाहेर काढा, मग तुम्ही. फोन नंतर. दरवाज्याच्या नादी लागू नका. दरवाजा 1 मीटर रुंद आणि बाहेरचं पाणी त्याच्या कडेपासून 60 सेंटिमीटर वर असेल तर बाहेरून साधारण 180 किलोचा जोर असतो. तो कुणाच्याही खांद्याने हलत नाही. पाणी 30 सेंटिमीटर असताना हाच जोर 45 किलोच्या आसपास असतो. तेव्हा जे काही करायचं ते लवकर.

काचा आणि लॉक 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली दिसत असेल, पण छोटीत पाणी गेलं की बटणं मुकी होतात. आजकाल कितीतरी गाड्यांचे दरवाजेही आतून बटणाने उघडतात. वीज नसताना ओढायची हाताची खीळ कुठे आहे ते आजच मॅन्युअलमधून शोधा आणि एकदा ओढून बघा. मागच्या दरवाज्यांची खीळ अनेकदा खिशाच्या तळाशी किंवा झाकणाखाली लपलेली असते, आणि काही गाड्यांत ती नसतेच.

काच फोडायचा छोटा हातोडा डिकीत नको, चालकाच्या हाताशी हवा. विकत घेण्याआधी आपल्या काचेच्या कोपऱ्यातला छापा वाचा. टेम्पर्ड लिहिलं असेल तर कोपऱ्याजवळ मारल्यावर तिचा चुरा होतो. लॅमिनेटेड लिहिलं असेल तर ती नुसती तडकते, जागची हलत नाही. काही गाड्यांत पुढच्या काचा लॅमिनेटेड आणि मागच्या टेम्पर्ड असतात. कुठली काच फोडायची हे तेव्हा ठरवायला वेळ नसतो.

बाहेर पडलात की उंच जागी जा. मदतीला आलेल्यांना पहिल्याच वाक्यात सांगा की गाडी इलेक्ट्रिक आहे.

बाहेर आल्यावर ब्रेक

हा भाग इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या हमखास नजरेतून सुटतो. पाण्यातून आलं की ब्रेक ओले असतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण रीजनमुळे आपण एरवी ब्रेक फारसे वापरतच नाही. पाय उचलला की मोटर गाडी थांबवते, पॅड डिस्कला लागतच नाहीत. म्हणजे बाहेर पडल्यावर मैलोनमैल गाडी चालवली तरी ब्रेक ओलेच राहू शकतात, आणि खरी गरज पडते तेव्हा पहिल्या क्षणी पकड मिळत नाही.

म्हणून रीजन कमीच ठेवा, रस्ता मोकळा बघा, हळू वेगात ब्रेकच्या पेडलवर हलका पाय ठेवून थोडं अंतर जा. सोडा, पुन्हा दाबा. आधी बोथट लागेल, मग पकड येईल. काही गाड्यांत रीजन आणि ब्रेक मिळूनच काम करतात आणि हलक्या पायाला पॅड लागत नाहीत. तिथे जरा ठामपणे दाबावं लागतं. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा खरखर थांबत नसेल तर गाळ अडकलाय. त्याच दिवशी चाकं काढून ब्रेक धुऊन घ्या. ओल्या डिस्क तशाच उभ्या ठेवल्या तर गंज चढतो, आणि क्वचित वापरल्या जाणाऱ्या ब्रेकवरचा गंज आपोआप घासूनही निघत नाही.

चार्जिंगला लावायच्या आधी

पावसात चार्ज करायला हरकत नाही, त्यासाठीच ती सोय बनवलेली आहे. पण गाडी तळाच्या वर पाण्यात उभी राहिली असेल तर तपासणीशिवाय चार्जर लावू नका. सॉकेटमध्ये गाळ किंवा थेंब दिसले तर तो कोरडा होऊ द्या. पिन कापडाने पुसायला किंवा बोट घालायला जाऊ नका. जमिनीवर ठेवलेला पोर्टेबल चार्जर आणि एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या जागी कधीच नको. तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरायची चिन्हं असतील तर आधीच केबल काढा आणि गाडी वर आणा. चार्जर पाण्यात गेला असेल तर कोरड्या जागेवरून मेन स्विच बंद करा, त्याच्याकडे चालत जाऊ नका.

आता आतून बघा. गालिचा वरून कोरडा लागतो, त्यावर विश्वास ठेवू नका. मागच्या सीटच्या पायाशी तळहात टेकवून अंगाचा भार द्या. खालचा जाड फोम ओला असेल तर बोटांच्या कडेने पाणी वर येतं. माझ्याकडच्या एका गाडीत वरचा गालिचा पार वाळलेला होता, मालकाने पंखा लावून दोन दिवस वाळवला होता. खालून फोम उचलला तर तो पाण्याने जड झालेला, आणि त्याच्याच खाली सीटजवळच्या कनेक्टरमध्ये पितळी पिनांवर हिरवट भुकटी धरलेली. रबरी कडीच्या मागे पाण्याचा एकच थेंब होता. गाडी तोवर आठवडेच्या आठवडे नीट चालली होती. मग एका सकाळी इन्सुलेशनचा इशारा आला आणि ती सुरू व्हायचीच बंद झाली.

पाण्याचं नुकसान इलेक्ट्रिक गाडीत असं उशिरा कळतं. वेळीच गालिचा उघडला असता तर कनेक्टर साफ करून आणि फोम बदलून काम भागलं असतं.

खारं पाणी वेगळं

समुद्राचं पाणी आणि गोडं पाणी यांना एका मापाने मोजू नका. मीठ वीज वाहून नेतं आणि पाणी वाळल्यावरही मागे राहतं. बॅटरीच्या आत खारं पाणी शिरलं तर दोन टोकांमध्ये मिठाचा पूल तयार होऊ शकतो. मग सेल तापतात, आणि आग लगेच लागेल असंही नाही. काही दिवसांनी, आठवड्यांनीही लागू शकते. 2012 मध्ये सँडी चक्रीवादळात अमेरिकेच्या नेवार्क बंदरात समुद्राचं पाणी शिरलं तेव्हा तिथे उभ्या असलेल्या फिस्कर कर्मा या चार्ज होणाऱ्या हायब्रिड गाड्या जळाल्या. 2022 मध्ये इयान वादळानंतर फ्लोरिडातही खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या पेटल्या.

म्हणून खाऱ्या पाण्यात बुडालेली गाडी सुरू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही आणि घराखाली, गॅरेजमध्ये किंवा दुसऱ्या गाड्यांजवळ ठेवायची नाही. मोकळ्या जागी, सगळ्यापासून किमान 15 मीटर लांब ठेवा. खालून फुसफुस किंवा टकटक आवाज, पांढरट धूर किंवा गोडसर-रासायनिक वास आला तर दूर व्हा आणि अग्निशमन दलाला बोलवा. घरातलं छोटं अग्निशामक यंत्र बॅटरीच्या आगीला पुरत नाही; तिला थंड करायला भरपूर पाणी लागतं. गाडी बुडालेली नाही, फक्त चाकांपर्यंत खारं पाणी लागलं असेल तर साध्या नळीने गोड्या पाण्याने तळ आणि चाकं धुवा. जोराच्या प्रेशरचा फवारा कनेक्टरवर मारू नका.

गाडी उचलून नेताना

अडकलेली इलेक्ट्रिक गाडी दोरीने ओढू नका. चाकं फिरली की मोटर फिरते, आणि फिरणारी मोटर वीज तयार करते. त्यातून इन्व्हर्टर जळू शकतो, पाणी लागलेल्या गाडीत तर जास्तच. चारही चाकं वर, फ्लॅटबेडवरच (सपाट पाठीच्या ट्रकवर) न्या. 12 व्होल्टची बॅटरी गेली असेल तर पार्किंग ब्रेक सुटत नाही. तेव्हा चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या घेऊन यायला फोनवरच सांगा. उचलण्याआधी पाण्याच्या रेषेचे फोटो चारही बाजूंनी काढा, आतल्या गालिच्यावरचीही रेषा घ्या. विमा कंपनीला तीच लागते, आणि गाडी उघडणाऱ्यालाही कुठपर्यंत शोधायचं ते तिच्यावरून कळतं.

वर्कशॉपमध्ये ‘चेक करून द्या’ एवढंच सांगून येऊ नका. नेमकं मागा: हाय व्होल्टेजचं इन्सुलेशन मोजून त्याचा आकडा बिलावर लिहून द्या, तळाचं कव्हर काढून नारिंगी केबलचे कनेक्टर बघा, मोटरच्या गिअरबॉक्सचं तेल थोडं काढून दाखवा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय आणि ते बदलायलाच हवं. चाकांचे बेअरिंग फिरवून ऐकायला सांगा, कारण गाळ गेलेलं बेअरिंग काही आठवड्यांनी घुमायला लागतं. गालिचा उचलून बघा म्हणावं. आणि महिन्याभराने परत जाऊन इन्सुलेशन पुन्हा मोजून घ्या. पहिल्यापेक्षा आकडा बराच घसरला असेल तर ओल अजून आत कुठेतरी आहे आणि ती शोधल्याशिवाय गाडी परत घेऊ नका.